भाड्याची हवा

२ जानेवारी, गुरुवार

डायरी छकुलीने दिली. उंद्रीच्या कुठल्याशा पतसंस्थेची, फुकटची. पहिल्याच पानावर संचालक मंडळाचे फोटो आहेत. त्यातल्या एकाच्याही हातात मी दहा रुपये ठेवणार नाही. लेक म्हणाली, "बाबा, दिवसभर बोलता तेवढं याच्यात लिवत जा. आईच्या डोक्याले आराम." म्हणजे माझं बोलणं हे आता घरातलं दुखणं झालं. धाडच्या बसस्टँडवर बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ लिहिली. त्यामुळे लिहिण्याचं मला वावडं नाही. वावडं आहे ते मूर्खपणाचं, आणि रिटायर झाल्यापासून ते वाढलं आहे.

आजचा मूर्खपणा बुलढाण्याचा. पुष्पाला दिवाळीपासून दम लागतो. चार पावलं टाकली की भिंत धरते. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरला आणि चुलीपुढे किती वर्षं गेली ते विचारलं. चाळीस. मग तिला बाहेर बसवून मला सांगितलं, फुप्फुसं धुराने गेली आहेत, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा. सिलिंडर नव्हे. हे विजेवर चालतं, खोलीतलीच हवा गाळून त्यातला ऑक्सिजन देतं. रोज सोळा तास नळी नाकात पाहिजे, नाहीतर हृदयावर ताण येईल. मी विचारलं, "किती दिवस?" त्याने छताकडे बघितलं. "लागेल तितके दिवस." जाफराबादची गाडी कधी येईल, या प्रश्नाला मी असं उत्तर दिलं असतं तर प्रवाशांनी तक्रारवही भरून काढली असती.

बाहेर बाकावर पुष्पा पदराच्या टोकाला गाठी मारत बसली होती. "काय म्हणला डॉक्टर?" तिने विचारलं.

"काई नाई. थोडे दिवस मशीनची हवा घ्याची. होशीन बरी."

तिला फुप्फुसं आणि हृदय सांगून काय उपयोग? बायकांना तपशील दिला की त्या तोच कुरवाळत बसतात.

४ जानेवारी, शनिवार

पुन्हा बुलढाणा, या वेळी मशीनच्या दुकानात. कमोडच्या खुर्च्या, काठ्या, वरखाली होणारे पलंग. माणूस मोडकळीला आला की त्याला काय काय विकता येतं, त्याचं प्रदर्शनच मांडलं आहे. मालक धम्मरत्न नावाचा, तिशीतला, चष्मा, खिशात दोन पेनं. मला "काका" म्हणाला. मी कोणत्या नात्याने काका लागतो ते विचारलं नाही.

"सरळ गोष्ट हाये, काका," तो म्हणाला. "वर्साच्या आत काम भागत असन त भाड्यानं न्या. वर्सापेक्षा जास्त लागत असन त इकतच परवडते. पेशंटचा अंदाज काय हाये?"

अंदाज! जशी काही पुष्पा म्हणजे सोयाबीनचं वावर आणि हा पीकविम्याचा माणूस.

"दोन महिन्यात आणून देतो वापस," मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून बघितलं. "डॉक्टर काय म्हणले?"

"डॉक्टरले इचारून मशीन देतं काय तू?"

त्यावर त्याने महिन्याच्या भाड्याचा कागद पुढे केला. मी त्यातली ओळ न् ओळ वाचली. लोक वाचत नाहीत म्हणूनच असल्यांचं फावतं.

संध्याकाळी छकुलीचा फोन. "बाबा, इकतच घेऊन टाका ना. अर्धे पैसे माह्याकडून." लेकीने बापाला पैसे द्यायचे म्हणजे आता तेवढंच राहिलं. पण खरं कारण पैसे नाहीत, आणि इथे लिहायला हरकत नाही, कारण हे कोणी वाचणार नाही. विकत घेणं म्हणजे ही बाई यापुढे कायम अशीच राहणार, या कागदावर सही करणं. भाड्याची वस्तू परत जाते. मला ती परत जायला हवी आहे. हे मी छकुलीला सांगितलं नाही, पुष्पाला तर नाहीच. भाड्याने घेतलं एवढंच सांगितलं. भाडं किती, कसं, हे तिला कशाला पाहिजे?

६ जानेवारी, सोमवार

मशीन आलं. गुडघ्याएवढा पांढरा डबा, खाली चाकं, वर पाण्याची बाटली, लांब नळी. पुष्पाच्या खाटेशेजारी ठेवलं. धम्मरत्नने अर्धा तास व्याख्यान दिलं. बाटलीतलं पाणी रोज बघा, जाळी आठवड्याला धुवा, जवळ उदबत्ती लावू नका. मग डब्यापुढे उकिडवा बसून त्यावरच्या छोट्या खिडकीतला आकडा एका वहीत उतरवून घेतला.

"हे काय लिवलं, बाबू?" पुष्पाने विचारलं.

"तास हायेत, मावशी. मशीन किती तास चालली त्याचा आकडा."

तिने मान डोलावली, जसं काही सगळं समजलं. मग म्हणाली, "आधी कोणाकडं व्हती ही? ते बरे झाले काय?"

"हाव, मावशी. एकदम बरे."

पट्टीचा खोटारडा. डोळ्यात बघून सांगितलं.

डबा सुरू झाला तेव्हा घरात पिठाची गिरणी आल्यासारखं वाटलं. मी तसं म्हटलंही. दिवसभरात पाच-सहा वेळा म्हटलं असेल. भाडं घेऊन वर कान किटवायचे, हा चांगला धंदा आहे.

९ जानेवारी, गुरुवार

दोन रात्री झोप झाली नाही. पुष्पाच म्हणाली, "तुमी समोरच्या खोलीत निजा. मधलं दार लावून घेतो." काल तसं केलं. मधलं दार सागवानी आहे, चांगलं तीन बोटं जाड. जुनी कामं ती जुनी कामं. दार लावलं आणि कणभर आवाज आला नाही. सकाळी आठला उठलो तेव्हा आत गिरणी चालूच होती.

१२ जानेवारी, रविवार

शेषराव आला होता. आमच्या तीन एकरांना लागून त्याचं वावर आणि त्याची विहीर. आमची विहीर थंडीतच तळ दाखवते, म्हणून हरभऱ्याला पाणी त्याच्याकडून तासावर घ्यावं लागतं. मी नोकरीवर असायचो तेव्हा हा सगळा व्यवहार पुष्पाच बघायची. शेवटचा वाफा भरायच्या जरा आधीच धावत जाऊन मोटर बंद करायची. पाइपात उरलेल्या पाण्यावर राहिलेलं भिजतं, तेवढी मिनिटं वाचतात, असं तिचं शास्त्र. शेषराव तिला घाबरायचा. मला घाबरत नाही.

आज तो पाण्यासाठी नाही, विक्रीसाठी आला होता. "माह्या मायची मशीन पडून हाये पलंगाखाली. दोनच महिने वापरली, मंग माय गेली. अर्ध्या किमतीत घ्या."

आजारी बाईच्या उशाशी बसून हे बोलला, आणि वर तिच्याच हातचे तिळाचे दोन लाडू खाल्ले. मी म्हटलं, "शेषराव, तू त हवाबी तासावर इकशीन."

तो खो खो हसला. पुष्पा हसली नाही. तो गेल्यावर तिने विचारलं, "किती तास झाले आतापोतर?"

"पाच," मी म्हटलं. "हरभऱ्याच्या दोन पट्ट्या राह्यल्या."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कूस बदलली. नाकात ऑक्सिजनची नळी आणि डोकं शेषरावच्या मोटरीत. चाळीस वर्षं संसार केला तरी ही बाई काही सुधारली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पुष्पाला जाता येत नाही म्हणून गल्लीतल्या बायकाच हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या. मी रोजच्यासारखा बसस्टँडवर बसून आलो तेव्हा मशीन बंद. "बायांचं बोलणं ऐकू येत नाई," म्हणाली. त्यांचं बोलणं ऐकू आलं नसतं तर देशाचं काय नुकसान होणार होतं, कोण जाणे.

समोरची झुंबरबाई तर आता आमच्या दारातच राहायला आली आहे. तिचा नवरा वारल्यापासून तिला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याशिवाय उद्योग नाही. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की हिची आरोळी, "अर्जुनभाऊ आले वो!" जसा काही पालकमंत्री आला. एकदा बोलणार आहे तिला.

२२ जानेवारी, बुधवार

धम्मरत्नचं एक खोटं पकडलं. म्हणाला होता, बाटलीतलं पाणी रोज कमी होईल, रोज भरा. आज चौथा दिवस, बाटली अजून अर्धी. पाणीसुद्धा त्याच्याच दुकानातून खास घ्यायला लावलं होतं. आता कळलं कशासाठी.

दुसरं, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. छकुलीने आणून दिला. बाहेरून आलो की लावतो तर आकडा चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. अर्ध्या तासाने बघावं तर ब्याण्णव. एकाच बोटाचे दोन भाव. चिनी माल. छकुलीला फोन करून सांगितलं की पैसे पाण्यात गेले. ती म्हणाली, "बाबा, आई बरी हाये ना पण?" मी म्हटलं, चिमटाच खोटा आहे तर आई कशी आहे हे तो काय सांगणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

महिना झाला. धम्मरत्नचा फोन आला तेव्हा जेवत होतो, म्हणून आवाज मोठा करून ताटाशेजारी ठेवला. भाडं पाठवलं होतं, ते मिळालं म्हणाला. मग म्हणतो, "काका, मशीनवरचा तासाचा आकडा तेवढा वाचून सांगता काय? सर्व्हिसिंगसाठी लागते."

"आकडा तुले कायले पायजे? पैसे टाकले ना तुह्या खात्यात?"

"नाई, आकडा समजला त..."

"बत्तीस वर्सं आकडे लिवले म्या. आता तुह्यासाठी नाई लिवत." आणि फोन ठेवला. मग तासभर मी त्या पोराच्या नावाने बोललो असेन. एकदा माणूस सापडला की हे दुकानदार सोडत नाहीत, आधी भाडं, मग पाणी, मग सर्व्हिसिंग. पुष्पा ताटात भाकरीचे तुकडे करत बसली होती. खाल्ले नाहीत.

एक बरं झालं, विजेचं बिल अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं. डब्याने दिवाळं निघेल असं सगळे म्हणत होते. सगळ्यांनाच मोठं करून सांगायची हौस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुष्पाच्या पायाला सूज आली आहे. दिवसभर पाय लोंबते सोडून बसते, मग येणारच. मीठ कमी कर म्हटलं. ओठांचा रंगही मला आवडत नाही, पण खोलीत उजेड कमी आहे.

मला स्पष्ट लिहू दे. पाच आठवडे झाले, तिने आतापर्यंत उठून अंगणात यायला हवं होतं. सोळा तासांचा ऑक्सिजन चालू आहे, भाकरी हातात मिळते, धुणं झुंबरबाई धुते. मग घोडं अडलं कुठे? मन लावत नाही ती. मी तसं बोललो, जरा जोरात बोललो. ती म्हणाली, "तुमी म्हणले व्हते थोडे दिवस. किती दिवस झाले?"

"तू बरी व्हय, लगेच वापस करतो. तोपोतर भरत राह्यतो त्याची पोटं."

"जा ना जरा ठेसनावर," ती म्हणाली. "घरात बसून तुमाले करमत नाई." बसस्टँडला ती आजही ठेसनच म्हणते. आजकाल सकाळ-संध्याकाळ मला बाहेर पाठवायची तिला घाई असते. गेलो. राग होता, पण खरं म्हणजे भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माणसाने घरात बसू नये.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या बाकावर लिहितो आहे.

सकाळी बसस्टँडवर कोणी नव्हतं म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी परतलो, आणि मागच्या बोळातून आलो. झुंबरबाई पुढच्या दारात गल्लीकडे तोंड करून बसलेली. मला मागून येताना बघितलं आणि दचकून ओरडली, "आवं, अर्जुनभाऊ!" आत मशीन बंद. पुष्पा खाटेवरून अर्धी खाली झुकलेली, हात डब्याच्या बटणाकडे पसरलेला, बोटं पोचत नव्हती. ओठ जांभळे. डोळे माझ्याकडे होते पण मला ओळखत होते असं वाटलं नाही. मी बटण दाबलं, डबा सुरू झाला. म्हणजे मध्येच बंद पडतो. ऐन वेळी बंद पडतो!

जीपवाल्याने रस्त्यात दोनदा विचारलं, "काका, श्वास चालू हाये ना?" मी तिच्या नाकासमोर हात धरून बसलो होतो.

डॉक्टर म्हणाला, हृदयावर ताण आला आहे, पायाची सूज त्याचीच. "ऑक्सिजन किती तास लावत होता?"

"सोळा. रोज."

"सोळा तास लावला असता तर ही वेळ यायला नको होती."

"मग त्या मशीनवाल्याला विचारा," मी म्हटलं.

उद्या मीच विचारणार आहे. पुष्पा पडद्याआड आहे, भिंतीतून येणारा ऑक्सिजन लावला आहे. काही झालं तर त्या चष्मेवाल्याला मी सोडणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बरंच झालं. मी दारातूनच सुरू केलं. "माह्या बायकोले मारायले देली काय बे ही मशीन? मोडकी मशीन लोकायच्या घरात घालतं अन् वरून आकडे मांगतं?" बरंच काही बोललो. लबाड म्हटलं, खुनी म्हटलं. रस्त्यावरचे लोक थांबले. त्याने फक्त विचारलं, "मावशी कशा हायेत?" मग गिऱ्हाइकांना हात जोडले, अर्धं शटर ओढलं, ऑक्सिजन मोजायचं तळहाताएवढं एक यंत्र खिशात टाकलं आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून धाडला आणलं.

घरात त्याने मशीन सुरू केलं, नळी त्या यंत्राला लावली, दहा मिनिटं तसंच ठेवलं. यंत्रावर चौऱ्याण्णव टक्के आलं. पाहिजे तेवढं. मग जाळी काढून बघितली, वायर बघितली. शेवटी डब्यापुढे उकिडवा बसून वही उघडली, खिडकीतला आकडा बघितला, आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

"काका, मशीन चांगली हाये. पण चाललीच नाई."

"म्हणजे?"

त्याने वही माझ्या हातात दिली. "आणली त्या दिवशीचा आकडा हा. आजचा त्या खिडकीत हाये. तुमीच वजा करा."

वजाबाकी मला कोणी शिकवायची गरज नाही. तीनदा केली. एकेचाळीस दिवस, एकशे ऐंशी तास. दिवसाला साडेचारही भरत नाहीत. मी घरात जागा असायचो तेवढेच.

चिमटा खरं सांगत होता. बाटली खरं सांगत होती. विजेचं बिल खरं सांगत होतं. आणि ते सागवानी दार काही एवढं जाड नाही. मी मधल्या खोलीत मशीन लावून, दार ओढून समोरच्या खोलीत उभा राहून बघितलं. स्वच्छ ऐकू येतं.

धम्मरत्न म्हणाला, "मी फोनवर आकडा मांगतला तो यासाठीच, काका. कमी आला त आपल्याले समजते का पेशंट लावत नाई." तो रागाने बोलला नाही, त्यामुळे फार लागलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी झुंबरबाईला विचारलं. ती रडायलाच लागली. "वैनीनं शपथ घातली मले. म्हणे, मशीनचे तासावर पैसे लागतेत, यायच्या पेन्शनीत कसं भागन? तुमी फक्त ते गल्लीत दिसले की आवाज देत जा. मंग भाऊ, तुमी दिसले का म्या आवाज देऊ, अन् त्या चालू करत. परवा तुमी मांगून आले."

तासावर!

दवाखान्यात गेलो तेव्हा पुष्पा शुद्धीत होती. तोंडावरचा मास्क बाजूला करून पहिलं वाक्य काय बोलावं? "हितल्या हवेचेबी तासावर हायेत काय?"

"नाई," मी म्हटलं. "कोण सांगतलं तुले का मशीनचे तासावर हायेत?"

"सांगाले कायले पायजे? तो पोरगा आल्याबरोबर तास लिवून गेला. मंग फोनवर आकडा मांगे. अन् तुमी सकाळ-संध्याकाळ त्या भाड्याच्या नावानं बोलत. मले वाटलं लय होऊन राह्यले."

"रात्री?"

"रात्रीचे त आठ तास व्हते. तेच लय महाग. बंद केल्यावरबी थोडा टाइम पुरे. मंग बसून राहो."

बसून राहायची. रात्रभर. मधल्या दाराच्या पलीकडे, आणि अलीकडे मी जुन्या सुतारकामाचं कौतुक करत झोपलेलो.

"मले इचारायचं नाई काय, पुष्पे?"

तिने जरा वेळ श्वास गोळा केला. "तुमाले काई इचारलं का तुमी बोलता."

मी सांगितलं की भाडं महिन्याचं होतं, चालू ठेवा नाहीतर बंद ठेवा, तेवढंच. ती विचार करत राहिली. मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे म्या बंद ठेवली ते फुकटच गेलं?"

"हाव."

"अन् भाडं त पूरंच देलं."

"हाव."

तिला त्या भाड्याचं वाईट वाटत होतं. मी तिचा हात धरला आणि जे दोन जानेवारीला बाकावर सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं. फुप्फुसं धुराने गेली आहेत. ती परत येत नाहीत. मशीन थोडे दिवसांचं नाही. मी भाड्याने आणलं, कारण मला वाटत होतं की विकत घेतलं तर तू बरी होणार नाहीस.

"नाई होणार काय मी बरी?"

"नाई. पण लावली त राह्यशीन. डॉक्टर म्हणला, लावत राह्यली त बरेच वर्सं."

ती छताकडे बघत राहिली. मला रडू आलं. लिहून ठेवतो: वॉर्डात, लोकांसमोर, समोरच्या खाटेवरची म्हातारी बघत असताना मला रडू आलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गेलो. तीन दिवसांपूर्वी मी जिथे उभं राहून त्याला खुनी म्हटलं, तिथेच उभा राहिलो. माफीचं वाक्य वाटेत तयार केलं होतं, ते निघालं नाही. मी म्हटलं, "नवी दाखव. इकत घ्याची हाये."

धम्मरत्नने नवीन मशीन काढलं, भाड्याचे दिलेले पैसे किमतीतून वजा केले. मी म्हटलं, "काऊन? वजा कायले करतं?" म्हणाला, "बरेच जण आधी भाड्यानंच नेतात, काका. आपल्या माणसाले कायमचं लागन असं कोणाले वाटते?" मी कागद न वाचता सही केली. मग त्याला समोरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. तो समजला असावा. नसला समजला तर मी पुढच्या वेळी सांगीन.

पहिल्या दिवशी पुष्पाने विचारलेला प्रश्नही त्याला विचारला. ते मशीन आधी ज्यांच्याकडे होतं ते खरंच बरे झाले का? त्याने चहाचा कप खाली ठेवला. "आपल्याकडं सगळे हेच इचारतात, काका. अन् मी सगळ्याइले एकच सांगतो."

२३ फेब्रुवारी, रविवार

पुष्पा घरी आली. दाराशी बायका जमल्या होत्या. मशीन विकत घेतलं हे त्यांना आधीच माहीत होतं, ते झुंबरबाईचं काम. कोणी म्हणालं बरं केलं, कोणी म्हणालं एवढा खर्च कायले. मी कोणालाच काही बोललो नाही, त्यामुळे दोघी-तिघींनी माझी तब्येत विचारली.

धम्मरत्न नवीन मशीन लावायला आला होता. पुष्पाला खाटेवर बसवलं. त्याने सांगितलं की वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण जाळी वेळच्या वेळी धुतली तर सहा-सात वर्षं कुठे जात नाही.

"सात वर्सं?" पुष्पाने विचारलं.

"हाव, मावशी."

ती मनाशी काहीतरी जुळवत बसली. ओठ हलत होते. शेषरावच्या मोटरीपाशी उभी राहून जुळवायची, अगदी तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढे पैसे घातले त वसूल करा लागतीन ना. मी जर का मधातच गेली, त तुमी साऱ्या गावाले सांगत फिरसान का बायकोनं पैसे बुडवले."

"सांगीन," मी म्हटलं. "रोज सांगीन. येणाऱ्या हरेक गाडीतल्या लोकायले सांगीन."

"मंग नाई जात," ती म्हणाली, आणि नळी स्वतःच्या हाताने नाकात घातली.